रविवार दिगूचा

“मी फोडल्या,” दिगू म्हणाला.

मघापासून पार्किंगमध्ये सगळेच बोलत होते, ऐकणारं कुणी नव्हतं. आता सगळेच ऐकणारे झाले.

दिगू हात मागे बांधून, मान खाली घालून उभा होता. आवाजात भीती नाही, गुर्मी नाही. नळाला पाणी आलंय हे सांगावं, तसं त्यानं ते सांगून टाकलं.

आणि ते धडधडीत खोटं होतं. गच्चीवरच्या सोलरच्या काचेच्या नळ्या खळ्ळकन फुटल्या, तेव्हा हा गडी माझ्या स्वयंपाकघरात उकिडवा बसून माझा मिक्सर खोलत होता. आवाज झाल्यावर त्यानंच वर बघितलं होतं.

“मास्तर, वर कायतरी फुटलं.”

“फुटू दे. तू आधी ते जोड. माझी चटणी अडलीय.”

मला मास्तर का म्हणायचा, ते सांगते. मी एसटीत कंडक्टर होते. आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणायची पद्धत. बाई असली तरी मास्तरच. गुडघे गेले तशी मी नोकरी सोडली, पण खोड गेली नाही. माणूस पायरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच त्याला मनातल्या मनात जमेला धरायचा की नावे टाकायचा, हे माझं ठरलेलं असायचं. बिनतिकिटाची माणसं मी उभ्या नोकरीत इतकी बघितली, की ‘मी नाही’, ‘मी नव्हतो’, ‘मी आत्ताच चढलो’ याचे सगळे सूर मला पाठ. पण तिकीट खिशात असून ‘मी काढलं नाही’ म्हणणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. तो त्या रविवारी भेटला.

सांगली-मिरज रस्त्याच्या आतल्या अंगाला आमची सुपार्श्व सोसायटी. पहिल्या मजल्यावर माझा स्वतःचा फ्लॅट, आणि समोरचा एका संस्थेनं भाड्यानं घेतलेला. बालगृहात वाढलेल्या पोरांना अठरा पूर्ण झाली की तिथून निघावं लागतं. हातात पिशवी, पुढं रस्ता. तो रस्ता फूटपाथवर जाऊ नये म्हणून संस्थेनं हा फ्लॅट चालवला होता. पोरांनी कमाईतून झेपेल तेवढं भाडं द्यायचं, उरलेलं संस्था भरणार, आणि लक्ष ठेवायला समोर मी. पोरं तीन. गॅरेजमध्ये जाणारा भैरू, औषधांच्या दुकानात माल पोचवणारा अल्ताफ, आणि आयटीआयला इलेक्ट्रिशियन शिकणारा दिगू.

सोसायटी सहजासहजी तयार झाली नव्हती. चेअरमन मगदूमसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बोलले तरी वाटायचं फायलीवर शेरा मारतायत. त्यांनी अटी घातल्या. पोरांनी गच्चीवर जायचं नाही. पाहुणे आणायचे नाहीत. आणि काही गैर घडलं, तर त्याच दिवशी फ्लॅट रिकामा. मी सगळ्यांदेखत जामीन राहिले, तेव्हा कुठं सह्या झाल्या.

आणि आता गैर घडलं होतं. नळ्या फुटल्या एवढ्यावर भागलं नव्हतं. तळमजल्यावरच्या आरवाडेकाकू कुरडया वाळत घालायला गच्चीवर गेल्या, मागोमाग त्यांची नात चिऊ अनवाणी पळाली, आणि काच तिच्या तळपायात गेली. टाके पडले. काकूंचा मुलगा सन्मती तिला दवाखान्यातून घेऊन नुकताच आला होता आणि तिला खांद्यावर टाकून जिन्यापाशी उभा होता. पोरीचा बँडेज बांधलेला पांढरा पाय सगळ्यांना दिसत होता. त्या पायापुढं कुणाचं काय चालणार?

“साहेब,” मी म्हणाले, “नळ्या फुटल्या तेव्हा दिगू माझ्या घरात होता. मिक्सर दुरुस्त करत होता.”

“तुम्ही पाठीशी घालणारच,” आरवाडेकाकू कडाडल्या. “तुम्हीच आणलीत ही पोरं. आज काच गेली, उद्या गळा कापतील!”

“आई, हळू,” सन्मती म्हणाला. “चिऊ झोपलीय.”

मगदूमसाहेबांनी हात वर केला. “ज्यानं केलं तो कबूल करतोय. खोतबाई, तुम्ही मध्ये कशाला? काय रे, घरात होतास की गच्चीवर होतास?”

मी दिगूकडं बघितलं. डोळ्यांनीच सांगितलं, अरे बोल की.

“गच्चीवर होतो,” दिगू म्हणाला. “मीच फोडल्या.”

चारचौघांत त्यानं मला खोटं पाडलं, तेही स्वतःचाच तोटा करून घेऊन.

“कशानं फोडल्यास?”

“दगडानं.”

“का?”

इथं गाडी अडली. दिगूनं भैरूकडं चोरून बघितलं. भैरूनं छताकडं.

“राग आलेला,” दिगू म्हणाला.

“कशाचा?”

“असाच.”

“असाच!” काकू म्हणाल्या. “ऐका! ह्यांना असाच राग येतोय!”

मगदूमसाहेबांनी घड्याळात बघितलं. “पाच वाजता इथंच परत जमू. हा सगळं लिहून देईल, आणि आजच्या आज फ्लॅट रिकामा होईल. तिघांचाही. नाहीतर मी पोलिसात अर्ज देतो. मग अठरा वर्षं पूर्ण झाल्याचं काय असतं, ते ह्यांना तिथं कळेल.”

जिना चढताना मी मनातल्या मनात सरळ हिशेब मांडला. दिगू माझ्यासमोर होता, म्हणजे तो नाही. उरले दोघं. दिगू त्यातल्या एकाला झाकतोय. अल्ताफ रात्रपाळीहून येऊन झोपलेला. त्याच्या गालावर अजून उशीची घडी उमटलेली होती. राहिला भैरू. भैरूला राग येतो, हे मला ठाऊक होतं. आणि मघाशी छताकडं बघणाराही तोच.

घरी येऊन आधी संस्थेच्या मॅडमना फोन लावला. त्या पुण्यात होत्या. “मी उद्या सकाळी पोचते, शालनताई. तोवर कुणाला काही लिहून देऊ नका.” उद्या सकाळी! तोवर पोरं स्टँडवर झोपलेली असणार.

तशीच समोरच्या फ्लॅटमध्ये घुसले, आणि जे बघितलं त्यानं पायच थांबले.

पोरं जेवायला बसली होती! अल्ताफ भात वाढत होता. भैरू कांदा फोडत होता. दिगूच्या ताटात भाताचा डोंगर, वर दोन अंडी, बाकीच्यांना एकेक. कुणाच्या चेहऱ्यावर काळजीची रेघ नाही. उलट कामाचा दिवस आटोपल्यासारखी सगळी सैल बसलेली.

“या मास्तर,” अल्ताफ म्हणाला. “ताट घेऊ?”

“ताट राहू दे. भैरू, उभा राहा. नळ्या तू फोडल्यास?”

“मी? न्हाई ओ.” त्याला मनापासून आश्चर्य वाटलं. “मी धुणं धूत होतो. बघा की, अजून गळतंय.”

मोरीत बादली होती, बाल्कनीत पँटी टपकत होत्या. गॅरेजचं ऑइल लागलेल्या पँटी हातानं धुवायच्या म्हणजे तास मोडतो. त्याचं ‘न्हाई’ मी नीट ऐकलं होतं. त्यात बिनतिकिटाचा सूर नव्हता.

“अल्ताफ?”

“मी झोपलो होतो. ह्या दोघांनीच खाली नेताना उठवलं.”

“मग दिगूनं सांगितलं कशाला, मी फोडल्या म्हणून? कुणाला झाकतोयस रे तू?”

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मी काहीतरी अडाणीपणाचं विचारलंय, असं ते बघणं होतं.

“कुणाला न्हाई,” दिगू घास गिळून म्हणाला. “आज रविवार न्हाई का?”

“मग?”

“रविवार माझा असतोय.”

मी खुर्ची ओढून बसले.

“नीट सांगा.”

भैरूनं सांगितलं. बालगृहात काहीही झालं, काच फुटली, बल्ब गेला, कुणी साखर खाल्ली, तरी अधीक्षक साहेब सगळ्यांना ओळीत उभं करायचे. ‘कोण?’ म्हणायचे. कुणीतरी ‘मी’ म्हणेपर्यंत कुणालाच जेवण नाही. बारकी पोरं भुकेनं रडायची. मग यांच्या खोलीतल्या सात जणांनी वार वाटून घेतले. ज्याचा वार, त्यानं ‘मी’ म्हणायचं. छड्या खायच्या. लगेच ताटं मांडली जायची. आणि ज्यानं खाल्ल्या, त्याला सगळ्यांच्या ताटातलं थोडंथोडं.

“आणि खरा कोण असायचा?”

“ते कोण विचारतंय?” अल्ताफ म्हणाला. “साहेबांना एक जण पाहिजे असायचा.”

“आणि कुणी ‘मी नाही’ म्हटलं तर?”

“तसं कुणी म्हणत नव्हतं.”

“आमच्या खोलीचं नाव चांगलं होतं,” दिगू म्हणाला. “आमच्यात लवकर मिटायचं.” आणि त्यानं दुसरं अंडं फोडलं.

“अरे गाढवांनो,” मी म्हणाले, “मिटलेलं नाही! इथं छड्या नाहीत. इथं ‘मी’ म्हटलं की घर जातं. पाच वाजता तुम्हाला बाहेर काढणार आहेत.”

“काढणार म्हणजे?” भैरूनं विचारलं. “काढून कुठं ठेवतात?”

“कुठंच ठेवत नाहीत.”

“असं कसं? कुठंतरी पाठवतच असतील. निरीक्षणगृहात, न्हाईतर दुसऱ्या गावाला. कागद करून.”

“ते अठराच्या आत, राजा. आता कुणीही कुठंही पाठवत नाही. कुलूप लावतात आणि आपापल्या घरी जेवायला जातात.”

अल्ताफचा भाताचा चमचा पातेल्यावरच थांबला. त्यांना आजवर शिक्षा पुष्कळ झाल्या होत्या. पण घर काढून घेणं ही शिक्षा त्यांच्या यादीतच नव्हती. नसणारच. घर असल्याशिवाय ते काढून कुठलं घेणार?

दिगूनं ताट पुढं सरकवलं. “मग आता?”

“आता खाली जायचं आणि खरं बोलायचं. मी नाही फोडल्या, मी मास्तरांच्या घरात होतो. बस्स. म्हण बघू.”

“आत्ता?”

“आत्ता. मला मगदूमसाहेब समज. कोण रे?”

तो उभा राहिला. तोंड उघडलं. हसला. पुन्हा उघडलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“मी...”

“नाही.”

“मी न...”

आणि बोलता बोलता त्याचा उजवा हात आपसूक पुढं आला, तळवा वर करून. त्याला ते कळलंही नाही. भैरूनं पुढं होऊन तो हात धरला आणि खाली केला.

“परत,” मी म्हणाले.

किती वेळा म्हणवून घेतलं, ते मी मोजलं नाही. एसटीत नवीन पोरांना घाटात गाडीचं दार घट्ट धरायला मी शिकवलं होतं, त्याहून हे काम अवघड. खोटं नेटानं बोलणाऱ्या पोराच्या तोंडून खरं निघेना. शेवटी एकदा निघालं, भिंतीकडं तोंड करून. “मी नाही फोडल्या.” म्हटलं, चला, एवढ्यावर भागवू.

पाच वाजता पार्किंग भरलं. सकाळी नव्हते तेही आले होते. कुणाला तरी घरातून काढणार म्हटलं की आमच्याकडं हजेरी चांगली लागते. मगदूमसाहेबांनी स्कूटरच्या सीटवर कोरा कागद आणि पेन तयार ठेवलं होतं.

“लिही,” ते दिगूला म्हणाले.

दिगूनं हात पाठीमागं घट्ट धरले होते. एका हातानं दुसरा.

“मी नाही फोडल्या,” तो म्हणाला. जवळच्या चौघांनाच ऐकू गेलं. “मी मास्तरांच्या घरात होतो.”

“काय?” काकू पुढं आल्या. “सकाळी मी आणि आता मी नाही? साहेब, पढवून आणलंय हो ह्याला!”

काकू दुपारभर दाराला कान लावून बसल्या असत्या, तरी इतकं बरोबर बोलल्या नसत्या. पढवूनच आणलं होतं.

“खोतबाई, हा पोरखेळ झाला,” मगदूमसाहेब म्हणाले. “एका लेकराच्या पायाला टाके पडलेत. ठीक आहे. हा नसेल. मग तिघांपैकी कोण ते त्यांनीच सांगावं. एकानं कबूल व्हावं; मी बाकीच्या दोघांचा विचार करीन. नाहीतर तिघंही आत्ता बाहेर.”

हे ऐकताच माझ्या शेजारी काहीतरी हललं. बघते तर पोरं ओळीत उभी राहत होती. कुणी सांगितलं नव्हतं. मगदूमसाहेबांचं वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांच्या अंगांनी ते कानांच्या आधी ऐकलं. दिगूच्या हातांची पकड सुटायला लागली. भैरूचे ओठ मिटले-उघडले. एकानं बोलायचं, दोघांनी जेवायचं. आता कुठल्याही क्षणी कुणीतरी ‘मी’ म्हणणार होतं, आणि त्यानंतर माझं कुणी ऐकणार नव्हतं.

मी त्यांच्यावरची नजर काढली आणि समोरच्या गर्दीवरून फिरवली, गाडीत पहिल्या सीटपासून मागच्या बाकापर्यंत फिरवतात तशी. कंडक्टर जवळ आला की तिकीटवाला माणूस त्याच्याकडं बघतो. बिनतिकिटाचा खिडकीबाहेर बघतो.

सगळे पोरांकडं बघत होते. एकटा सन्मती फाटकाबाहेर बघत होता. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

आणि मग सकाळचं डोक्यात आलं. ‘वर कायतरी फुटलं’ म्हणाला ना दिगू, त्यानंतर जिन्यावरून कुणीतरी धडधडत खाली उतरलं होतं. आमच्या मजल्यावर पावलं थांबली नव्हती. सरळ तळमजल्याला गेली होती. तळमजल्यावर राहतात आरवाडे. त्या दिवशी मॅच होती, आणि मॅचच्या दिवशी त्यांच्या टीव्हीला कायम खोकला. सोलरला खेटून असलेली डिश हलवायला गच्चीवर कोण जातं, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत.

पण पुरावा म्हणावा असं हातात काय? पावलांचा आवाज. आणि त्याच्या खांद्यावर त्याच्याच लेकीचा बांधलेला पाय. मी नाव घेतलं असतं तर काकूंनी मला उभी जाळली असती, आणि त्या गोंधळात पोरं फाटकाबाहेर गेली असती.

भैरूनं श्वास आत घेतला.

“मी,” मी म्हणाले.

“तुम्ही काय?” मगदूमसाहेब.

“नळ्या मी फोडल्या. गोधडी वाळत घालायला वर गेले होते. बांबू हातातून सटकला.”

भैरूचा आत घेतलेला श्वास आतच राहिला.

“अहो खोतबाई!” साहेबांनी चष्मा काढला. “तुम्हीच सकाळी म्हणालात, हा तुमच्या घरात मिक्सर दुरुस्त करत होता!”

“होताच की. मीपण घरात होते, असं कुठं म्हणाले?”

“तुमचे गुडघे तुम्हाला गच्चीवर जाऊ देतात?”

“म्हणून तर बांबू सटकला.”

ते माझ्याकडं बघत राहिले. खोटं आहे, हे त्यांना कळत होतं. पण खात्यात जन्म काढलेल्या माणसाला, समोरून सभासदाचा कबुलीजबाब आला की तो बाजूला सारता येत नाही.

“आता मला काढा,” मी म्हणाले. “फ्लॅट माझ्या नावावर आहे. कसं काढायचं, ते नियमात बघून सांगा. नळ्यांचा खर्च मी देते. आणि माफी मागायची ती आत्ताच मागते.”

मी सन्मतीसमोर जाऊन उभी राहिले. आता त्याला फाटकाबाहेर बघायला जागा राहिली नाही.

“सन्मती, माफ कर बाबा,” मी म्हणाले. “आपल्या हातून काच फुटावी आणि ती लेकराच्या पायात जावी, म्हणजे माणसाच्या जिवाला काय होतं, ते तुला मी काय सांगू?”

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. चिऊच्या पाठीवरचा हात थांबला. क्षणभर वाटलं, हा आता बोलतोय. त्यानं आईकडं बघितलं, शेजारी उभ्या बायकोकडं बघितलं, आणि गिळून टाकलं.

“असू दे मावशी,” तो म्हणाला. मग मगदूमसाहेबांकडं वळून जरा मोठ्यानं, “साहेब, मिटवा आता. पोरांचा काही संबंध नाही. खर्च निम्मा मी देतो.”

“तू का देतोस?” काकू ओरडल्या. “आपली पोर लंगडी, आणि पैसे आपण?”

“आपणबी गरम पाण्यानं अंघोळ करतोय की, आई. चल घरात.”

मगदूमसाहेबांनी कोऱ्या कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. “पोरांचा फ्लॅट आहे तसा चालू राहील,” ते म्हणाले. “खोतबाईंना समज देण्यात येत आहे.”

“मिळाली,” मी म्हणाले.

जिना चढताना तिघं माझ्या मागं होते. दाराशी आल्यावर भैरूनं घसा खाकरला.

“मास्तर, तुम्हाला कुठला वार पाहिजे? आमच्यातले चौघं दुसरीकडं गेले, त्यांचे वार रिकामे पडलेत. गुरुवार चांगला असतोय. गुरुवारी कायच होत नाही.”

“वार बंद,” मी म्हणाले. “ह्या जिन्यावर परत वाराचं नाव काढलंत, तर मीच बाहेर काढीन.”

तो चाट पडला. अल्ताफ मात्र हसला. दिगू आत गेला, माझ्या मिक्सरचा राहिलेला स्क्रू घेऊन आला, आणि बसवून गेला.

याला आता बरीच वर्षं झाली. सन्मतीनं पुढं कधी तोंड उघडलं नाही, मीही उघडायला लावलं नाही. माझ्या दारात मात्र त्या साली आंब्याची पेटी आली, आणि ती कुणी ठेवली ते काकूंना कळलं नाही.

त्या रविवारनंतर महिना-दीड महिन्यानं एकदा मी बाजारातून आले. घरात करपलेल्या दुधाचा वास. ओटा पांढरा, शेगडी पांढरी, पातेलं तळाला काळं. आणि मधोमध दिगू, हात मागे, पँटीवर गुडघ्यापर्यंत दूध, पाठीमागं लपवलेल्या फडक्यातून फरशीवर थेंब थेंब गळतंय.

मी पिशवी खाली ठेवली. “दूध कुणी उतू घातलं?”

तो ताठ उभा राहिला. मी वाट बघितली. त्यानं सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

“मी नाही,” तो म्हणाला.

“मग कुणी?”

“मांजर आलेलं.”

“गॅसपण मांजरानंच पेटवला?”

दिगूनं जरा विचार केला. “पेटवला असंल. मी बघितलं नाही.”

मी पिशवीतली भाजी काढायच्या निमित्तानं खाली वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले, कारण तोंड वर करण्याजोगं नव्हतं.

“बरं,” शेवटी म्हणाले. “मांजराला म्हणावं, ओटा पुसून घे. आणि खालच्या दुकानातून दुधाची दुसरी पिशवी घेऊन ये.”